जुन्या यंत्राला नवा सोबती

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर बहुधा प्राध्यापक आणि पंडित येतात. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, करारांच्या मसुद्यांतून आणि सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटांतून. तेव्हा संगणकासारख्या विषयावर बोलताना पंडिताचा आव आणणे आम्हाला शोभणार नाही. एक यंत्र बंद पडले, त्या निमित्ताने आम्हाला काही समजून घ्यावे लागले. जे समजले तेच आपल्यापुढे क्रमाने मांडतो.

२०१७ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. एका कारखान्याच्या लेथ विभागातील नऊ कामगार एके संध्याकाळी आमच्या संघटनेच्या कचेरीत आले. त्या विभागाचे सारे काम एका सीएनसी लेथवर चाले. साध्या लेथवर हत्यार कोठे न्यावयाचे, किती खोल घालावयाचे, हे टर्नर स्वतःच्या हाताने करतो. सीएनसी लेथवर तो ते आधी आकड्यांत लिहून देतो आणि यंत्राच्या पोटातला संगणक त्याप्रमाणे हत्यार चालवितो. ह्या लेथच्या पोटातला संगणक १९९२ सालचा होता. त्याला कामाचे आकडे पोचवावयाचे ते फ्लॉपीवरून. आणि फ्लॉपी वाचणारा भाग, ज्याला ड्राइव्ह म्हणतात, तो दिवसाआड दगा देऊ लागला होता. व्यवस्थापनाने विभागाला पत्र दिले: यंत्र कालबाह्य झाले आहे, ते भंगारात काढावयाचे आहे, सबब नऊ कामगार अतिरिक्त ठरतात.

आमच्या चळवळीने संगणकाचा पहिला परिचय करून घेतला तो शत्रू म्हणून. ‘हे यंत्र माणसाचे काम खाणार’ असे आमचे वडीलधारे कार्यकर्ते सांगत, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. पण ज्या यंत्राने एके काळी चार माणसांचे काम खाल्ले, तेच पंचवीस वर्षांनी भंगाराच्या वाटेवर उभे राहते आणि त्याच्या शेजारी नऊ माणसे उभी असतात, हे दृश्य त्यांनी पाहिले नव्हते. आम्ही पाहिले.

वाटाघाटीच्या बैठकीत आम्ही एकच प्रश्न विचारला: यंत्र कालबाह्य झाले म्हणजे नेमके काय झाले? साहेबांनी उत्तर दिले, ‘जुने झाले.’ आमच्या बाजूला मेंटेनन्स खात्यातला एक तरुण वायरमन बसला होता. तो म्हणाला, ‘साहेब, लेथचा बेड सरळ आहे, स्पिंडल ठीक आहे, मोटारी ठीक आहेत, आतला संगणकही ठीक आहे. गडी धडधाकट आहे. नुसता चष्मा फुटलाय.’ त्याने पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि ती मिळाली.

त्या तरुणाच्या बोलण्यात ह्या विषयाचे सारे मर्म आहे. संगणक कधी एकटा नसतो. त्याला अक्षरे देणारा कीबोर्ड लागतो, उत्तर दाखविणारा पडदा लागतो, माहिती साठविणारी तबकडी लागते. ह्यांना आपण त्याचे सोबती म्हणू. संगणकाच्या आतल्या चिपमध्ये हलणारे असे काही नसते; ती नीट जपली तर कित्येक दशके टिकते. सोबत्यांची गोष्ट निराळी. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये मोटार असते, वाचणारे डोके पुढे-मागे सरकविणारा स्क्रू असतो, कोठे रबरी पट्टाही असतो. हे झिजते. शिवाय खुद्द फ्लॉपीचे आयुष्यही सरते. आयबीएम कंपनीने १९७१ साली पहिली फ्लॉपी बाजारात आणली. साडेतीन इंची फ्लॉपीची जनक जी सोनी कंपनी, तिने २०११ साली विक्री बंद केली. तेव्हा कालबाह्य होतो तो पुष्कळदा संगणक नव्हे, तर त्याचा सोबती. सोबती गेला की शहाणासुरता संगणक मुका आणि आंधळा होऊन बसतो.

हे काही एकट्या आमच्या गावचे दुखणे नव्हे. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाची संदेशयंत्रणा २०१९ सालापर्यंत आठ इंची फ्लॉपी वापरीत होती. जपानच्या शासकीय नियमांत फ्लॉपीसारख्या साधनांवर माहिती सादर करण्याविषयीची कलमे हजाराहून अधिक होती; ती काढून टाकण्याचे काम २०२४ च्या मध्यावर पुरे झाले.

आता उपाय काय? सोबती बदलावयाचा, पण जुन्याच्या जागी नवा असा बसवावयाचा, की संगणकाला त्याचा पत्ताही लागू नये. हे कसे साधते ते पाहण्यासाठी आम्ही आमच्या धंद्यातला शब्द वापरतो. तो शब्द म्हणजे करार.

संगणक आणि त्याचा सोबती ह्यांच्यामध्ये तारा असतात आणि त्या तारांवर कोणी, केव्हा, काय बोलावयाचे ह्याचा एक करार असतो. बहुसंख्य फ्लॉपी ड्राइव्हचा करार ३४ तारांचा आहे. अमेरिकेतील शुगार्ट नावाच्या कंपनीने सत्तरीच्या दशकात तो घालून दिला आणि पुढे साऱ्या जगाने उचलला. ३४ पैकी निम्म्या तारा नुसत्या जमिनीला जोडलेल्या. उरलेल्यांवर बोलणी चालतात. तारेवर ५ व्होल्ट दाब असला तर ‘नाही’, दाब शून्यावर ओढला तर ‘होय’, इतकीच भाषा. संगणक एका तारेवर सांगतो, ‘मी तुझ्याशी बोलत आहे.’ दुसऱ्या तारेवर, ‘मोटार चालू कर.’ तिसऱ्या तारेवर दिशा सांगतो आणि चौथीवर एकेक ठोका देतो. प्रत्येक ठोक्याला डोके एक पाऊल सरकते. उलट ड्राइव्ह सांगतो, ‘तबकडीचा एक फेरा पुरा झाला’, ‘डोके पहिल्या वर्तुळावर आले’, ‘ही फ्लॉपी कुलूपबंद आहे, लिहू नकोस’, आणि एका तारेवर प्रत्यक्ष माहितीच्या ठोक्यांची रांग लावतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्या साऱ्या संभाषणात ‘तू खरोखर तबकडी आहेस काय?’ असे संगणक कोठेही विचारीत नाही. तार वेळच्या वेळी योग्य उत्तर देते ना, एवढेच तो पाहतो. म्हणून ड्राइव्हच्या जागी एक लहानसे सर्किट बसविता येते. त्यावर एक चिप असते आणि पेन ड्राइव्ह खोवण्याची खाच असते. संगणकाने ‘एक पाऊल पुढे’ असा ठोका दिला की पूर्वी मोटार फिरून डोके सरके. आता चिपच्या आत एका आकड्यात एकाची भर पडते, बस्स. पेन ड्राइव्हवर प्रत्येक फ्लॉपीची नक्कल एका फाइलीच्या रूपाने असते. साडेतीन इंची फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येकी ८० वर्तुळे, वर्तुळात १८ कप्पे आणि कप्प्यात ५१२ अक्षरे मावतात. गुणाकार केला तर १४,७४,५६० होतात. आजच्या पेन ड्राइव्हवर अशा हजारो फ्लॉप्या सहज राहतील.

आता मौज पाहा. जुनी तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेई. म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग. नव्या चिपपुढे हा वेळ म्हणजे युग. तिला सारी माहिती क्षणार्धात देऊन मोकळे होता येईल. पण तसे केले तर समोरचा संगणक गोंधळून जाईल. म्हणून चिपला न फिरणाऱ्या तबकडीचे फेरे इमानाने मोजावे लागतात आणि माहितीचे ठोके दोन, तीन किंवा चार मायक्रोसेकंदांच्या अंतराने, पूर्वीच्याच चालीने सोडावे लागतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना तरुणाने आपले पाऊल आवरावे, तसेच हे. नव्याने जुन्याला सांभाळावयाचे तर आधी त्याची चाल शिकावी लागते.

ही कल्पना पुष्कळांनी राबविली आहे. झाँ-फ्रान्स्वा देल नेरो ह्या फ्रेंच अभियंत्याने २००६ साली ‘एचएक्ससी’ नावाची आपली योजना सुरू केली. ‘गोटेक’ नावाचे चिनी बनावटीचे स्वस्त उपकरण भरतकामाची यंत्रे, संगीताचे कीबोर्ड आणि कारखान्यातील यंत्रे ह्यांसाठी विकले जाते. त्या उपकरणासाठी किअर फ्रेझर ह्यांनी ‘फ्लॅशफ्लॉपी’ नावाचा कार्यक्रम लिहिला आणि कोणीही वाचावा, सुधारावा म्हणून जगाला खुला केला.

आमच्या वायरमनने असेच एक उपकरण दोन-अडीच हजारांत मागविले, जुना ड्राइव्ह काढला, पट्टीची तार नव्यात खोवली आणि यंत्र सुरू केले. यंत्र हूं की चूं करीना. पडद्यावर एकच ओळ: ड्राइव्ह तयार नाही. तीन दिवस तो तारा उलटसुलट करून पाहत होता. मुदतीतले नऊ दिवस संपले होते आणि विभागात लोकांनी आपापल्या नोकरीच्या वर्षांचा हिशेब मांडावयास सुरुवात केली होती.

चौथ्या दिवशी विभागातल्या एका टर्नरला सेवानिवृत्त फोरमनची आठवण झाली. आम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी गेलो. वय ७४. चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्या लेथचे सर्व्हिस मॅन्युअल होते ते. ‘ऑफिसातली जुनी कागदपत्रं काढायचा हुकूम निघाला होता तेव्हा मलाच रद्दीत घालायला सांगितलं होतं,’ ते म्हणाले. ‘हात झाला नाही.’

त्या पुस्तकात तारांचा तक्ता होता आणि ३४ व्या तारेपुढे लिहिले होते: ‘तयार’. मूळ शुगार्ट करारात ३४ व्या तारेवर ड्राइव्हने ‘मी तयार आहे’ असे सांगावयाचे असते. पुढे आयबीएमच्या घरगुती संगणकाच्या काळात त्याच तारेला दुसरा अर्थ मिळाला: ‘फ्लॉपी बदलली गेली आहे’. आमचे नवे उपकरण दुसऱ्या अर्थाने बोलत होते आणि लेथ पहिल्या अर्थाची वाट पाहत बसला होता. तार एकच, शब्द दोन. उपकरणाच्या मांडणीत ‘शुगार्ट पद्धत’ असा बदल केला, एक बारीक जोडणी हलविली, आणि संध्याकाळच्या पाळीला लेथने पहिला तुकडा कापला.

ह्या प्रकरणानंतर आमचे कुतूहल जागे झाले आणि आम्ही वाचू लागलो. तेव्हा कळले की जे काम आम्ही पोटासाठी केले, ते युरोप-अमेरिकेत कित्येक लोक प्रेमापोटी करीत आहेत. चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती संगणक ते जपतात आणि त्यांना नवे सोबती करून देतात. त्यांच्या अनुभवातून आम्हाला एक जास्तीचा धडा मिळाला. तो कराराच्या पलीकडचा आहे.

१९८२ साली अमेरिकेत ‘कमोडोर ६४’ हा संगणक निघाला. त्याचा तबकडीचा ड्राइव्ह, क्रमांक १५४१, एका बारीक केबलने जोडला जाई. त्यात तीन तारा मुख्य: एक ‘लक्ष द्या’ म्हणणारी, एक ठेका धरणारी, एक माहितीची. बोलणारा ठेक्याची तार सोडून देतो; अर्थ, ‘सांगावयास तयार’. ऐकणारा माहितीची तार सोडतो. अर्थ, ‘ऐकावयास तयार’. मग अक्षर जाते. अखेरचे अक्षर पाठविण्यापूर्वी बोलणारा मुद्दाम २०० मायक्रोसेकंदांहून अधिक काळ गप्प राहतो. ऐकणाऱ्याने त्यावरून ओळखावयाचे की आता शेवट आला. वाटाघाटीच्या टेबलावर मौनालाही अर्थ असतो हे आम्हाला ठाऊक होते. तारेवरही असतो हे तेव्हा कळले.

पण ही पद्धत फार संथ होती. आधीच्या संगणकातील एका चिपच्या दोषामुळे जी सावकाश चाल पत्करली होती, तीच पुढे चालू राहिली. सेकंदाला ४०० च्या आसपास अक्षरे. १७० किलोबाइटची भरलेली फ्लॉपी वाचावयाची तर सात मिनिटे लागावीत. आता गंमत अशी की ह्या ड्राइव्हच्या पोटातही स्वतंत्र संगणक होता. त्याची स्वतःची चिप, स्वतःची २ किलोबाइट स्मृती. हुशार कार्यक्रमकारांनी वाट काढली. त्यांनी आपला छोटासा कार्यक्रम ड्राइव्हच्या स्मृतीत पाठविला आणि त्याच्याशी आपापली निराळी, वेगवान भाषा सुरू केली. प्रत्येकाची भाषा वेगळी. मूळ करारात तिचा उल्लेख नाही.

पुढे ह्या ड्राइव्हच्या जागी मेमरी कार्ड बसविणारे लोक आले. ‘एसडीटूआयईसी’ नावाचे एक साधे, स्वस्त उपकरण निघाले. ते मूळ करार उत्तम पाळते आणि वेगवान भाषांपैकी काही प्रचलित भाषाही शिकले आहे. पण जो कार्यक्रम ड्राइव्हच्या पोटात शिरून त्याच्याच चिपकडून काम करवून घेतो, तो ह्या उपकरणापुढे अडतो. कारण तेथे ती चिपच नाही. म्हणून नेदरलँड्समधील एका अभियंत्याने ‘१५४१ अल्टिमेट’ नावाचे उपकरण केले. त्यात एफपीजीए जातीची चिप आहे. म्हणजे जिची आतली जोडणी आपण लिहून देऊ तशी होते अशी चिप. तिच्यात १५४१ चे सारे अंतरंगच, त्याच्या खोडींसकट, पुन्हा उभे केले आहे.

हे वाचताना आम्हाला कारखाना आठवला. लेखी करार एक असतो आणि वहिवाट दुसरी असते. दुसऱ्या पाळीचा माणूस आल्याशिवाय पहिल्या पाळीचा माणूस भट्टी सोडीत नाही, हे कोणत्या कलमात लिहिलेले आहे? कोठेच नाही, पण त्याच्यावर कारखाना चालतो. नवा मॅनेजर करार पाठ करून येतो, वहिवाट मोडतो आणि आठवड्याच्या आत उत्पादन अडते. जुन्या यंत्राचेही तसेच. त्याला नवा सोबती द्यावयाचा तर लेखी करार वाचून भागत नाही. त्याच्या अंगवळणी काय काय पडले आहे, हे त्याच्याजवळ बसून पाहावे लागते.

दुसरी अडचण दाबाची. जुन्या यंत्रांची बोली ५ व्होल्टची. आजच्या मेमरी कार्डाची ३.३ व्होल्टची. जुन्या चिपच्या नियमानुसार ०.८ व्होल्टच्या खाली ‘शून्य’ आणि २ व्होल्टच्या वर ‘एक’. म्हणून नव्याचे ३.३ व्होल्ट जुन्याला स्पष्ट ऐकू जातात. उलट मात्र जपावे लागते. जुन्याचे ५ व्होल्ट थेट नव्याच्या अंगावर गेले तर नवी चिप जळू शकते. म्हणून मध्ये दाब उतरविणारी एक चिप बसवितात. काम किरकोळ, पण ते विसरणाऱ्याने हातातले कार्ड गमावलेच म्हणून समजावे.

तिसरे उदाहरण पडद्याचे, आणि त्याचा आपल्या देशाशी संबंध आहे. १९८४ साली भारत सरकारने शाळांतील मुलांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली. तिच्यासाठी निवडलेला संगणक होता इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’. हा संगणक त्या वेळच्या टीव्हीच्या चालीने चित्र काढतो: सेकंदाला १५,६२५ ओळी, ५० चित्रे. आजचे संगणकाचे पडदे बहुधा त्याच्या दुपटीच्या खाली ऐकूनच घेत नाहीत. चित्र येत नाही, ‘संकेत नाही’ एवढी पाटी येते. ह्यासाठी हौशी अभियंत्यांनी रास्पबेरी पाय झीरो हा तळहाताहून लहान संगणक घेऊन त्याला एक जोडचिप दिली. ती जुन्या संगणकाच्या रंगांच्या तारा अचूक क्षणी वाचते, चित्र स्मृतीत उतरविते, आणि रास्पबेरी ते नव्या पडद्याच्या चालीने पुन्हा वाचून दाखविते. दुभाषी जसा वाक्य पुरे ऐकून मग दुसऱ्या भाषेत सांगतो, तसे हे काम. पुढे हेच उपकरण इतर जुन्या संगणकांनाही लागू झाले.

चौथे उदाहरण आम्हाला सर्वांत गोड वाटते. पूर्वी संगणक टेलिफोनवरून बोलत, ते मोडेम नावाच्या उपकरणातून. १९८१ साली हेज कंपनीने मोडेमला आज्ञा देण्याची एक सोपी रीत पाडली: आज्ञेच्या आरंभी ‘एटी’ ही अक्षरे, पुढे फोन लावण्याची खूण आणि मग नंबर. आज टेलिफोनच्या तारेवरचे ते मोडेम कोण वापरतो? पण २०१४ च्या सुमारास ‘ईएसपी८२६६’ नावाची चिनी वायफाय चिप अगदी स्वस्तात मिळू लागली आणि लोकांनी तिला मोडेमचे सोंग शिकविले. जुना संगणक पूर्वीसारखीच ‘फोन लाव’ अशी आज्ञा देतो. नंबराच्या जागी इंटरनेटवरचा पत्ता असतो. चिप गुपचूप वायफायवरून तेथे पोचते आणि पूर्वीच्याच शब्दांत कळविते, ‘जोडले गेले’. आपण टेलिफोनवर बोलत आहोत ह्या समजुतीत तो म्हातारा संगणक आजच्या जगाशी बोलतो.

‘हा सारा खटाटोप कशाला? नवे घ्यावे, जुने टाकावे,’ असे कोणी म्हणेल. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. प्रत्येक जुने यंत्र वाचवावे असा आमचा आग्रह नाही. ज्याचा भाग मिळत नाही, जे वीज फार खाते, ज्याच्यावर काम करणे धोक्याचे झाले आहे, ते गेलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की टाकण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे हे विचारले गेले पाहिजे, आणि ते विचारण्याचा हक्क यंत्रावर काम करणाऱ्यालाही असला पाहिजे.

त्या हक्काला कागदांचा आधार लागतो. कमोडोर ६४ च्या कार्यक्रमकारांसाठीच्या १९८२ च्या मार्गदर्शिकेत शेवटी संगणकाच्या सर्किटचा नकाशाच छापलेला होता. कंपनी १९९४ साली बुडाली. नकाशा राहिला, आणि त्याच्या जोरावर आज तिशी-चाळिशीतली माणसे त्या संगणकाला नवे अवयव करून देत आहेत. जो करार उघड असतो तो करणाऱ्याच्या पश्चातही पाळता येतो. आजची कित्येक उपकरणे डिंकाने चिकटविलेली आणि नकाशावाचून येतात. ही स्थिती बदलावी म्हणून आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ ह्या नावाचे संकेतस्थळ सुरू केले आणि युरोपीय संघाने २०२४ साली ह्याच हक्काविषयी निर्देश काढला. ही सुरुवात आहे. पण सुरुवात योग्य दिशेने आहे.

आता त्या लेथचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. तो लेथ त्या उपकरणावर आणखी चार वर्षे चालला. २०२१ साली कारखान्याने नवे यंत्र आणले आणि जुना भंगारात गेला. कोणी म्हणेल, मग तुम्ही मिळविले काय? आम्ही चार वर्षे मिळविली. नऊपैकी दोघे त्या काळात वयोमानाने निवृत्त झाले. उरलेल्या सातजणांना नवे यंत्र येण्याआधी सहा महिने शिकवावे, असे कलम आम्ही मधल्या करारात घालून घेतले, आणि आज ते सातहीजण नव्या यंत्रावर उभे आहेत. यंत्र अमर करावयाचे आमच्या मनात कधीच नव्हते. माणसाला नवे शिकावयास मुदत हवी होती. ती त्या अडीच हजारांच्या सर्किटाने दिली.

त्याच करारात आणखी एक कलम आहे. बैठकीत त्याला कोणी विरोध केला नाही, कारण त्याचे महत्त्व कोणाला फारसे वाटले नाही. ते असे: प्रत्येक यंत्राच्या मॅन्युअलची एक प्रत विभागातील कपाटात राहील, कपाटाची किल्ली विभागातील कामगारांपाशी असेल, आणि यंत्र असेपर्यंत ती प्रत रद्दीत काढली जाणार नाही. मसुदा लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे ती प्लास्टिकची पिशवी होती. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी त्याची एक प्रत आम्ही फोरमनसाहेबांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, ते कलम दोनदा वाचले आणि कागदाची घडी घालून तो त्याच पिशवीत ठेवला.